ध्रुवाजवळच्या इवल्या कवचधाऱ्यांना ऊन बाधतं का? पेशीच्या आत नक्की काय घडतं?

निळाई

गेले काही दिवस क्रिलबद्दल मिळेल ते वाचते आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातला हा प्राणी फार तर सहा सेंटिमीटरचा, आणि देवमासे, सील, पेंग्विन सगळे त्याच्या जिवावर जगतात. परवा एका चित्रफितीत एक क्रिल अगदी जवळून पाहिला. अंग इतकं पारदर्शक की पोटातलं हिरवं शेवाळ बाहेरून दिसत होतं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. आतलं बाहेरून दिसतं, म्हणजे बाहेरचं ऊनही थेट आत जात असणार! आपल्याला निदान जाड कातडी आहे. ह्यांचं काय?

ओझोनच्या थराला भोक पडलं की अतिनील किरण वाढतात हे शाळेपासून माहीत आहे. पण ते किरण अशा जीवाच्या पेशीत शिरून नेमकं काय मोडतात? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतोय: तिथलं पाणी शून्याच्याही खाली असतं. त्या थंडीने ही इजा कमी होते की वाढते? जाणकारांनी लिहावं, अगदी सविस्तर लिहिलंत तरी मी वाचेन.

पाणकावळा

ध्रुवावर सूर्य कायम तिरपा. तिरप्या किरणांना वातावरणातून लांबचा रस्ता कापावा लागतो, त्यात अतिनील बरंचसं गाळलं जातं. मग तिथे विषुववृत्तापेक्षा धोका कमीच असायला हवा ना?

हिमगर्भ

पाणकावळा, बरोबर आहे, पण अर्धंच. तिथे अतिनील मुळात कमी, म्हणूनच तिथले जीव कमी अतिनीलाच्या सवयीने घडले. आणि ओझोन विवर तयार होतं ते तिथल्या वसंतात, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे महिनोन् महिने अंधारात किंवा बर्फाखाली काढून जीव वर येतात आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा ओझोन सर्वांत पातळ असतो.

1985 मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन ह्या तिघांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या नोंदींवरून हे जगापुढे आणलं. ओझोन कमी झाला की सगळा सूर्यप्रकाश वाढत नाही हे मात्र लक्षात घ्या. वाढतो तो मुख्यतः यूव्ही-बी, म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटरचा पट्टा, आणि त्यातही तरंगलांबी कमी असलेली, जास्त घातक बाजू. यूव्ही-ए, म्हणजे त्याहून लांब तरंगांचं अतिनील, जवळजवळ होता तेवढाच राहतो.

तळ्यातमळ्यात

वाचतोय. पण पाण्यात किती खोल जातात हे किरण? वरच्या वीतभर पाण्यातच विरत असतील तर प्रश्नच मिटला.

हिमगर्भ

नाही मिटत. दक्षिण महासागराचं पाणी कित्येक ठिकाणी फार नितळ आहे. अशा पाण्यात यूव्ही-बी 60-70 मीटरपर्यंतही मोजता आला आहे. अर्थात तिथे तो अगदी क्षीण असतो, इजा करण्याइतका जोर वरच्या काही मीटरांत. नद्यांचं पाणी जिथे मिसळतं तिथे त्यात विरघळलेला सेंद्रिय गाळ अतिनील शोषून घेतो, तिथे ही खोली एकदम कमी होते. आणि वर बर्फ असेल, त्यावर भुसभुशीत हिम असेल, तर खाली फारच थोडं पोचतं.

खारवारा

निळाईताई, तुमचा पहिला प्रश्न मी घेते. मी काही वर्षं प्रयोगशाळेत थंड पाण्यातल्या अँफिपॉडवर, म्हणजे क्रिलसारख्याच इवल्या कवचधाऱ्यांवर, काम केलं आहे. त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

पेशीत अतिनीलाचा पहिला बळी डीएनए. डीएनए सर्वांत जास्त शोषतो 260 नॅनोमीटरच्या आसपास. तो पट्टा यूव्ही-सी चा, म्हणजे सर्वांत आखूड तरंगांच्या अतिनीलाचा, आणि तो जमिनीपर्यंत येतच नाही. पण त्या शोषणाचं शेपूट यूव्ही-बी मध्ये उतरतं आणि तेवढं पुरतं. डीएनएच्या एकाच धाग्यावर दोन थायमिन शेजारी-शेजारी आले असतील तर ऊर्जा शोषताक्षणी ते एकमेकांना घट्ट चिकटतात. कधी थायमिन आणि सायटोसिन चिकटतात. एरवी दोघांनी समोरच्या धाग्यावरच्या जोडीदाराचा हात धरलेला असतो, आता ते एकमेकांतच गुंततात. धाग्याला तिथे गाठ बसते. डीएनएची नक्कल करणारं यंत्र त्या गाठीपाशी येऊन अडखळतं, जनुक वाचणारं यंत्रही अडखळतं. मग पेशीपुढे तीनच वाटा: गाठ सोडवायची, चुकीची नक्कल करून पुढे जायचं, किंवा मरायचं.

आता क्रिलची अडचण. त्याच्या डीएनएत ॲडेनिन-थायमिनचं प्रमाण बरंच जास्त आहे. थायमिन जास्त म्हणजे शेजारी-शेजारी थायमिन येण्याची शक्यता जास्त, म्हणजे गाठी बसायला जागा जास्त. 1999 मध्ये हा मुद्दा मांडला गेला, आणि मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या होत्या. एखाद्या प्राण्याचं नाजूकपण त्याच्या अक्षरांच्या हिशेबातच लिहिलेलं असावं!

अबोली

थायमिन म्हणजे ते जीवनसत्त्व ना? की मी गोंधळ करते आहे?

खारवारा

अबोली, खूप जणांचा होतो हा गोंधळ. जीवनसत्त्व ब-1 ते थायामिन. हे थायमिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण नातं काही नाही.

वाटसरू

मग दक्षिण महासागरातले क्रिल कमी होतायत ते ह्याच मुळे! ओझोनचं भोक आणि क्रिलची घट दोन्ही एकाच काळातली आहेत.

हिमगर्भ

वाटसरू, एकाच काळात दोन गोष्टी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. क्रिलची पिल्लं हिवाळा समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारं शेवाळ खरवडून काढतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला पाणी तापलं, बर्फाचे दिवस घटले, त्याचा क्रिलशी संबंध जास्त सरळ आहे. शिवाय क्रिल नुसता तरंगत पडून राहत नाही. तो पोहतो, रात्री वर येतो, दिवसा खाली जातो. त्याची अंडी तर सोडल्यावर शेकडो मीटर खोल बुडतात, तिथे अंधारात फुटतात आणि पिल्लं हळूहळू वर चढतात. सर्वांत नाजूक अवस्था उन्हापासून सर्वांत दूर. अतिनील ही खरी इजा आहे, पण सगळ्या घटीचं खापर तिच्यावर फोडू नये.

वाटसरू

मान्य. अंडी खोल बुडतात हे माहीत नव्हतं. घाई केली मी.

तळ्यातमळ्यात

मग सगळेच दिवसभर खाली का राहत नाहीत? खाली जा, वाचा.

शेवाळं

कारण खाणं वर आहे. शेवाळाला ऊन लागतं, म्हणून शेवाळ वर. आणि शेवाळ खाणाऱ्याला त्यामागे वर यावंच लागतं. भुकेची आणि उन्हाची ही ओढाताण ह्या जीवांना रोजची.

आणि सगळ्यांना खोल जाण्याची सोयही नाही. आर्क्टिकमध्ये बर्फाच्या खालच्या पृष्ठभागाला धरून राहणारे अँफिपॉड आहेत, गॅमरस विल्किट्झकी आणि अफेरुसा ग्लेशियालिस. त्यांचं घर म्हणजे ते छत. छत पातळ झालं, त्यावरचं हिम वितळलं, त्यात पाण्याची डबकी झाली, की ऊन सरळ आत. अफेरुसाच्या अंगावर रंगाच्या पेशी आहेत. उजेड वाढला की त्यातला रंग पसरतो, कमी झाला की आवळतो. छत्री उघडावी-मिटावी तसं. मला हा प्राणी फार आवडतो.

अबोली

रंगावरून आठवलं. कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कवचधारी, लाल का असतात ह्यावर कुठेतरी वाचलं होतं. तो लाल रंग उन्हापासून वाचवतो, पण लाल दिसला की मासा पटकन खातो. म्हणून जिथे मासे जास्त तिथे ते फिके आणि जिथे ऊन जास्त तिथे लाल, असं तळ्यांमध्ये दिसतं. बरोबर आहे का?

शेवाळं

बरोबर. तो लाल रंग ॲस्टाझँथिनचा. क्रिलमध्येही तोच. पण तो पडदा म्हणून नव्हे, मुख्यतः आत तयार होणारे घातक रेणू शमवण्यासाठी उपयोगी पडतो.

खरा पडदा वेगळाच आहे आणि तो खाण्यातून येतो. मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं नावाचे रेणू, लाल शेवाळात आणि काही प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) तयार होतात. 310 ते 360 नॅनोमीटरचं अतिनील शोषतात आणि ती ऊर्जा निरुपद्रवी उष्णता करून सोडून देतात. प्राण्यांना ती स्वतः बनवता येत नाहीत, त्यासाठी लागणारा रासायनिक मार्गच प्राण्यांत नाही. शेवाळ खाल्लं, की ती अंगात साठतात. म्हणजे ह्यांचा पडदा म्हणजे ह्यांचं जेवण.

पाणकावळा

म्हणजे जो शेवाळ खात नाही तो उघडा पडला?

शेवाळं

बऱ्याच अंशी, हो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड ह्या खाडीतल्या अँफिपॉडांवर ह्या दिशेने काम झालं आहे. शेवाळ चरणारा गॅमरेलस होमारी अतिनील बराच सोसतो, आणि मेलेलं मांस खाणाऱ्या ॲनोनिक्स न्यूगॅक्सचे हाल होतात. एकाच फ्योर्डमध्ये, जवळजवळ एकाच खोलीवर राहणारे दोन शेजारी, फरक पडतो तो ताटात काय आहे ह्याने.

कण_कण

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर. डीएनएवरचा थेट घाव ही एक बाजू. दुसरी बाजू आडवाटेने येते आणि त्यात यूव्ही-ए चाही हात आहे. पेशीतले काही रंगद्रव्याचे रेणू उजेड शोषून उत्तेजित होतात आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतात. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल असे आक्रमक रेणू तयार होतात. ते पेशीच्या आवरणातल्या चरबीवर, प्रथिनांवर, डीएनएवरही तुटून पडतात. पेशीकडे ह्यावर उपाय आहेत: सुपरऑक्साइड डिसम्युटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, कॅटलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. पण ही विकरं (एंझाइम) स्वतःही प्रथिनंच, मारा वाढला की तीही निकामी होतात. रक्षकच आधी पडला तर पुढे काय होणार.

आता निळाईताईंच्या थंडीच्या प्रश्नाकडे येतो. दोन गोष्टी ह्या प्राण्यांच्या विरुद्ध जातात. एक, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो; 0 अंशाचं पाणी 20 अंशाच्या पाण्याच्या साधारण दीडपट ऑक्सिजन धरतं. दोन, थंडीत आवरणं ताठ होऊ नयेत म्हणून ह्या प्राण्यांच्या आवरणांत बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात. आणि नेमकी हीच मेदाम्लं ऑक्सिडीकरणाला सर्वांत आधी बळी पडतात. एका टोकाला ठिणगी पडली की साखळी पेटत जाते.

हिमगर्भ

कण_कण, इथे मी असहमत. थंडीत सगळ्याच रासायनिक क्रिया मंदावतात. मग ही पेटत जाणारी साखळीही मंदावेल की. शिवाय चयापचय संथ, म्हणजे पेशी स्वतः तयार करते ते घातक रेणूही कमी. मला वाटतं थंडी एकंदरीत संरक्षणच करते.

कण_कण

साखळी मंदावते, मान्य. पण पहिली ठिणगी मंदावत नाही. प्रकाशाचा कण आदळून रेणू बदलतो तेव्हा तापमानाला जवळजवळ विचारत नाही. −1.8 अंशातही थायमिनची गाठ तेवढ्याच सहज बसते. मंदावतं ते नंतरचं काम, जे विकरांनी करायचं असतं.

खारवारा

कण_कण यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. घाव घालणारा हात थंडीने बधिर होत नाही, टाका घालणारा होतो.

डीएनएची गाठ सोडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत बऱ्याच प्रथिनांची टोळी येते, गाठ असलेला तुकडा कापून काढते, तो भाग नव्याने भरते. उजेड लागत नाही, पण ऊर्जा लागते, वेळ लागतो, आणि थंडीत हे सगळंच रेंगाळतं. दुसरी पद्धत फोटोलायेज नावाच्या एकट्या विकराची. ते अंधारातही गाठीवर जाऊन बसतं आणि उजेडाची वाट पाहतं. निळ्या किंवा यूव्ही-ए उजेडाचा एक कण मिळाला की त्याच ऊर्जेने गाठ फोडतं. कापाकापी नाही, भराई नाही. काम उजेडाच्या जोरावर होत असल्याने थंड पाण्यात ही पद्धत फार मोलाची.

1997 मध्ये अंटार्क्टिकातल्या प्लवकांवर आणि माशांच्या अंड्यांवर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मासे आणि क्रिल दोन्हींत गाठी मुख्यतः ह्याच उजेडाच्या वाटेने सुटताना दिसल्या. हिममाशाच्या तरंगत्या अंड्यांत तर त्या दिवशी यूव्ही-बी किती पडलं त्या मानाने गाठी वर-खाली होत होत्या. आणि ज्या जातींची अंडी-पिल्लं वसंतात पाण्यात असतात त्यांची दुरुस्तीची क्षमता सर्वांत जास्त, हिवाळ्यात अंडी-पिल्लं सोडणाऱ्या माशांची सर्वांत कमी. तरीही दुरुस्ती पुरी पडत नव्हती, काही काळ गाठी साचत होत्याच.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी अतिनील दिलेले नमुने मोजणीआधी टेबलावर ठेवले आणि जेवायला गेले. वर नेहमीचे दिवे चालू. परत येऊन मोजलं तर इजा जवळपास दिसेना. दोन आठवडे मी यंत्राला दोष देत राहिले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "नमुने अंधारात ठेवले होतेस ना?" मी पाहत राहिले. माझे अँफिपॉड टेबलावर बसल्या-बसल्या स्वतःला दुरुस्त करून मोकळे झाले होते.

अबोली

उन्हानेच जखम आणि उन्हानेच मलम! अंगावर काटा आला.

हिमगर्भ

खारवारा, ह्या गोष्टीला मोठी परंपरा आहे. 1949 मध्ये अल्बर्ट केल्नर आणि रेनातो दुल्बेको ह्या दोघा शास्त्रज्ञांनाही असंच कोडं पडलं होतं. दुल्बेको यांच्या प्रयोगात एकावर एक रचलेल्या तबकड्यांपैकी दिव्याला उघड्या राहिलेल्या तबकड्यांवरचे विषाणू जास्त जगत होते. उजेडाने होणारी दुरुस्ती अशीच सापडली. पुढे फोटोलायेज कसं चालतं ते अझीझ संजार यांनी उलगडलं, डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक.

आणि हो, थंडी संरक्षण करते हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

निळाई

किती सुंदर चर्चा! मी दोनदा वाचली. आता एक गोष्ट जुळते आहे असं वाटतं, चूक असेल तर सांगा. हिमगर्भ यांनी वर लिहिलं की ओझोन घटला की यूव्ही-बी वाढतो, पण यूव्ही-ए आणि निळा उजेड तेवढाच राहतो. म्हणजे गाठी बांधणारं ऊन वाढलं आणि गाठी सोडवणारं ऊन होतं तेवढंच राहिलं?

खारवारा

निळाईताई, अगदी हेच. नुसतं "किती अतिनील" हा आकडा म्हणूनच अपुरा पडतो, प्रमाण पाहावं लागतं. नितळ पाण्यात निळा उजेड यूव्ही-बी पेक्षा कितीतरी खोल जातो. म्हणजे काही मीटर खाली उतरलेल्या क्रिलला दुरुस्तीचा उजेड मिळतो आणि मारा जवळजवळ थांबलेला असतो. नैसर्गिक समुद्रात हा आसरा आहे. ओझोन विवराखाली वरच्या थरात मात्र प्रमाण बिघडतं. प्रयोगशाळेतही हीच चूक व्हायची: नुसत्या यूव्ही-बी दिव्याखाली प्राणी ठेवला की तो बाहेरच्यापेक्षा फार लवकर मरतो, कारण त्याला बरा करणारा उजेडच दिलेला नसतो. असे निष्कर्ष वाचताना दिवे कोणते होते ते मी आधी पाहते.

तळ्यातमळ्यात

थोडं विषयांतर. जहाजांचं तेल सांडतं त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का? तेल आणि ऊन मिळून जास्त विषारी होतं असं ऐकलं होतं.

कण_कण

विषयांतर नाही, हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. तेलातली काही बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगं कोपेपॉडसारख्या चरबीने भरलेल्या जीवात साठतात. अंधारात ती तितकी मारक नसतात. पण शरीर पारदर्शक असल्याने अतिनील थेट त्यांच्यापर्यंत पोचतं, ती उत्तेजित होतात आणि ऑक्सिजनला बिथरवतात. तेलाची जी मात्रा अंधारात सोसली जाते तीच उन्हात मारते. बर्फ हटल्यामुळे आर्क्टिकमध्ये जहाजं वाढतायत आणि ऊनही खाली पोचतंय, म्हणून मला ह्याची जास्त धास्ती वाटते.

पाणकावळा

पण ओझोन तर भरून येतोय ना आता? 1987 चा माँट्रियल करार झाला, ओझोन खाणारे ते वायू बंद झाले.

हिमगर्भ

येतोय, आणि माणसांनी एकत्र येऊन वेळेवर केलेल्या थोड्या कामांपैकी हे एक, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. 2022 च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार 1980 ची पातळी अंटार्क्टिकावर साधारण 2066 च्या सुमारास आणि आर्क्टिकवर 2045 च्या सुमारास परत येईल. पण वाट सरळ नाही. 2020 च्या वसंतात आर्क्टिकवरचा ओझोन विक्रमी घटला. आणि 2020 नंतर काही वर्षं अंटार्क्टिकावरचं विवर डिसेंबरपर्यंत रेंगाळलं. डिसेंबरात सूर्य सर्वांत वर, समुद्रबर्फ वितळत आलेला. ऑक्टोबरमध्ये जे बर्फाखाली सुरक्षित होतं ते डिसेंबरात उघड्यावर असतं.

शेवाळं

आणि डिसेंबर हा क्रिलच्या विणीच्या हंगामाची सुरुवात. अंडी बुडतात, पण अंडी घालणाऱ्या माद्या वर चरत असतात. पोटात अंडी तयार होत असताना त्यांच्या पेशी भराभर विभागतात, म्हणजे डीएनएच्या नकला सर्वांत जास्त तेव्हाच. गाठ अडचणीची ठरते तीही तेव्हाच.

निळाई

हे वाचून पोटात कालवलं. एक शेवटचं विचारते. क्रिलकडे हे फोटोलायेज आहे, तर त्याला खाणाऱ्या देवमाशाकडेही असेल?

खारवारा

नाही. अपरा (वार) असलेल्या सस्तन प्राण्यांनी ते विकर उत्क्रांतीच्या वाटेवर कधीच गमावलं. देवमाशाकडे नाही, तुमच्या-माझ्याकडेही नाही. आपल्याला कापून-भरण्याचीच पद्धत उरली. तुम्ही चित्रफितीत पाहिलेल्या त्या बोटभर क्रिलकडे मात्र आहे.